दुमडलेलं नाणं, खोली सतरा सेंटिमीटर

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

आजपासून ही नोंदवही. हारीची अट म्हणून. हारी आमच्या न्यूनेन गावाबाहेरचा शेतकरी, सत्तरी ओलांडलेला, मक्याची शेती. त्याच्या जमिनीवर मेटल डिटेक्टर फिरवायची परवानगी मागायला गेलो, तेव्हा दारातच उभा राहून म्हणाला, "खड्डे बुजवायचे, गाईंना घाबरवायचं नाही आणि काय सापडलं ते लिहून ठेवायचं." तिन्ही अटी मला पसंत पडल्या. लिहून ठेवणं हा माझा पेशाच आहे. आइंडहोवनच्या एका कंपनीत तीस वर्षं मी सिलिकॉनच्या चकत्या किती सपाट आहेत ते मोजतो. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढा उंचवटा दिसला, तरी माझं जेवणात लक्ष लागत नाही, असं शोभा म्हणते. शोभा म्हणजे माझी बायको. मी जयप्रकाश, वय एकसष्ट. वही हारीने वाचायला मागितलीच तर मराठीत असल्यामुळे काळजी नाही.

जानेवारीपासून आठवड्याला चारच दिवस काम घेतलंय. शुक्रवार मोकळा. माझे डच सहकारी हा दिवस नातवंडांना देतात. आम्हाला ती नसल्यामुळे मी यंत्र घेतलं.

आजचे शोध: क्र. १, ट्रॅक्टरचा नट, खोली ९ सेंमी. क्र. २ ते ५, बाटल्यांची झाकणं. क्र. ६, घोड्याचा नाल, अर्धा.

शोभा परवा पुन्हा ब्रेडाला चालली आहे, आमच्या मुलीकडे. उत्तराची पाठ धरली आहे म्हणे. एकतीस वर्षांच्या मुलीची पाठ दोन आठवडे धरून राहते, याचा अर्थ खुर्ची चुकीची आहे. मी तिला खुर्चीच्या उंचीचं कोष्टक पाठवलं. उत्तर नाही. दीड वर्षापूर्वी तिच्या पोटातलं बाळ दुसऱ्यांदा गेलं, तेव्हाही मी एक एक्सेल पाठवली होती. संभाव्य कारणं, प्रत्येकाची टक्केवारी, उपाय. चौदा ओळी. सायकल चालवणं आणि उशिरापर्यंतचं काम या दोन ओळी लाल रंगात केल्या होत्या. तिचंही उत्तर आलं नव्हतं. बहुधा तिच्या ऑफिसच्या फिल्टरने अडवली.

शुक्रवार, ७ मार्च

शोध क्र. २३. खोली १७ सेंमी. ओढ्याकडचा कोपरा, बांधापासून बारा पावलं.

यंत्राचा आवाज आधीच्या बावीस वेळांसारखाच होता, म्हणून झाकण समजूनच उकरलं. ढेकळातून पातळ, काळसर काहीतरी निघालं, करंजीसारखं मधोमध दुमडलेलं. थुंकी लावून चोळलं तर कडेला टिंबांचं वर्तुळ आणि अक्षरं. चांदीचं नाणं! हातोड्याने ठोकून पाडलेलं, पोस्टकार्डाच्या जाडीचं. मी शेतात एकटाच मोठ्याने "अरे!" म्हणालो. ऑफिसात तीस वर्षांत असं म्हणायची वेळ आली नव्हती.

हारी ट्रॅक्टरवरून उतरून आला. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिला.

"कुणीतरी मुद्दाम दुमडलंय," तो म्हणाला.

"नांगराने झालं असेल."

"माझा नांगर वस्तूंच्या घड्या घालत नाही," हारी म्हणाला आणि ट्रॅक्टरवर चढला. माणूस चांगला आहे, पण धातूंच्या वर्तनाबद्दल त्याचं वाचन नाही.

घरी आलो तेव्हा शोभा उत्तराशी व्हिडिओवर बोलत होती. मी आत येताच दोघींचा विषय बदलला आणि अचानक हवामान सुरू झालं. मी कॅमेऱ्यासमोर नाणं धरलं. उत्तराच्या मागे भिंतीऐवजी उशी दिसत होती. पाठ.

"वॉव, बाबा! किती जुनं असेल?"

"साडेसातशे वर्षं तरी. आता आधी सरळ करायला हवं."

"लीव्ह इट ना, बाबा. असंच छान आहे."

ती ब्रेडाच्या एका वाहतूक कंपनीत ट्रकांचं वेळापत्रक आखते. दुमडलेलं नाणं छान आहे असं तिला वाटू शकतं.

रविवार, ९ मार्च

शोभाने चहातली साखर सोडली आहे. तीन आठवडे झाले म्हणे, माझ्या आज लक्षात आलं. मला न सांगता हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जाऊन आली असणार, कारण इथले हाउसआर्ट्स दुसरं काही देत नसले तरी साखरेबद्दल सल्ला देतात. मी विचारलं, "रिपोर्ट किती आला?" म्हणाली, "कसला रिपोर्ट? नको वाटते, एवढंच." मी फ्रिजवर गोडाच्या पदार्थांचा तक्ता लावला. तिने काढला नाही, पण त्याच्यावर वाणसामानाची यादी लावली.

ती मेतकूट, मऊ भाताचे तांदूळ आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन पुन्हा ब्रेडाला. एका पाठीसाठी आठवड्यातून तीन दिवस! जावई लोकेशही म्हणे हल्ली घरूनच काम करतो. त्याचं ऑफिस आम्स्टरडॅम स्लोटरडाइकला, ब्रेडाहून जायला यायला तीन तास. त्याला निमित्तच हवं असेल.

संध्याकाळी नाण्याच्या सरळीकरणाचा आराखडा केला. चार टप्पे.

शुक्रवार, १४ मार्च

झालं.

जुनी चांदी ठिसूळ होते. थंड असताना वाकवली तर मोडते, म्हणून आधी मंद आच. त्यासाठी उत्तराने मागे दिलेला, गोड पदार्थावरची साखर जाळायचा छोटा गॅसचा बर्नर वापरला. नंतर सागवानी पाचर, रोज अर्धा मिलिमीटर. शेवटी दोन काचांमध्ये दाब. सोमवारपासून पाच दिवस काम चाललं होतं. पाचरीने पहिल्यांदा ते उघडू लागलं तेव्हा आतली बाजू दिसली. साडेसातशे वर्षं कुणी पाहिलेली नसावी. एका राजाचा चेहरा, लहान मुलाने काढावा तसा, दोन टिंबांचे डोळे आणि कुरळ्या केसांच्या जागी दोन दोन वळ्या. दुसऱ्या बाजूला कडेपर्यंत पोचणारा लांब क्रूस. इंग्लंडचा राजा हेन्री. लोकरीच्या व्यापारातून ही इंग्रजी नाणी त्या काळी आमच्या ब्राबांट प्रांतभर चालत, असं वाचलं.

अखेरची मापं: व्यास १८ मिमी, वजन १.३९ ग्रॅम, सपाटपणा ५० मायक्रॉनच्या आत. घडीच्या रेषेवर अडीच मिलिमीटरचा तडा गेला. तो दिसत नाही म्हटलं तर दिसत नाही.

घरच्या ग्रुपवर आधीचा आणि नंतरचा फोटो टाकला. लोकेशचा अंगठा आला. उत्तराचं काही नाही. शोभाचा फोन: "आज इथेच राहते." मी नाण्याबद्दल विचारलं, तर म्हणाली, "हो हो, बघते," आणि ठेवला. कौतुक हा गुण मुलीच्या सासरच्या माणसांत असतो, घरच्यांत नसतो, असं माझी आई म्हणायची. लोकेशच्या अंगठ्यावरून ते पटतं.

मंगळवार, १८ मार्च

इथल्या रीतीप्रमाणे आमच्याही संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर आहे. त्याच्यावर शोभाने पेन्सिलीने बारीक आकडे घातले आहेत. २८ फेब्रुवारीला १६, पुढच्या शुक्रवारी १७, मग १८. दर शुक्रवारी एक. मला वाटलं, माझे शोध. पण माझे एकतीस झाले आहेत. आठवड्यांचे क्रमांकही नव्हेत, परवाचा आठवडा अकरावा होता.

"हे काय मोजतेस?"

"शुक्रवार."

"सोळापासून का?"

ती भाजी करपतेय का बघायला गेली. भाजी अजून चिरायची होती.

शनिवार, २९ मार्च

उद्या पाडवा. शोभा आज संध्याकाळी ब्रेडाहून येणार, म्हणून तिला चकित करायचं ठरवलं आणि देवघर आवरायला घेतलं. देवघर म्हणजे दिवाणखान्यातल्या पुस्तकांच्या कपाटाचा तिसरा कप्पा. मी स्वतः देवाधर्मातला नाही, पण काळवंडलेली चांदी मला बघवत नाही. टाक, ताम्हन, निरांजन, सगळं घासून लख्ख केलं. बाळकृष्णाला गेल्या दहा वर्षांत इतका चकचकीत पाहिला नव्हता.

टाकांच्या मागे हळदीने पिवळ्या केलेल्या फडक्यात रुपया बांधलेला सापडला. नवसाचा. असला काहीतरी उद्योग शोभाने उत्तराच्या लग्नाच्या वेळी केल्याचं आठवतं. लोकेशचं घर बौद्ध, आमच्याकडच्या काही नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली होती, तेव्हा सगळं नीट पार पडू दे म्हणून. लग्न नीट पार पडून चार वर्षं झाली. काम झालं की गाठ सोडायची असते, एवढं मलाही माहीत आहे. राहून गेली असणार. काम झालेलं आणि संगणकात त्याचं तिकीट, म्हणजे नोंद, उघडीच, हे मला ऑफिसातही खपत नाही. गाठ सोडली. रुपया स्वच्छ धुऊन देशी चिल्लरीच्या वाडग्यात टाकला. फडकं मशीनमध्ये, साठ अंशांवर. हळदीचा डाग तरीही पूर्ण गेला नाही.

रविवार, ३० मार्च

पाडवा आणि घड्याळं एक तास पुढे करायची उन्हाळी वेळ एकाच दिवशी. नव्या वर्षाने उजाडायच्या आधीच आमचा एक तास खाल्ला. म्हणून गुढी उशिरा उभी राहिली.

शोभा पूजेला बसली. मी मागे उभा, कौतुकाची वाट बघत. तिने टाक उचलले, मागे हात घातला, पुन्हा घातला.

"इथला रुपया कुठाय?"

मी वाडगं आणून दाखवलं. नवस फेडायचा राहिला होता, मी गाठ सोडून टाकली, असंही सांगितलं. ती वाडग्यात बघत राहिली. आत सगळे रुपयेच रुपये.

"ह्यातला कुठला?" तिने विचारलं.

"शोभा, रुपया तो रुपया. सगळे सारखेच असतात."

वाडगं मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. नंतर उठली, गुढीला नैवेद्य दाखवला, मला श्रीखंड वाढलं, स्वतः घेतलं नाही. गुढीचा मुहूर्त टळल्याचं तिच्या मनाला इतकं लागेल असं वाटलं नव्हतं. घड्याळ मी थोडंच पुढे केलं होतं.

शुक्रवार, ४ एप्रिल

आज नीट लिहायचं आहे. जमेल तसं.

आइंडहोवनच्या ग्रंथालयात अधूनमधून तज्ज्ञ बसतात आणि लोकांना सापडलेल्या वस्तू ओळखून देतात. मी नाणं काचेच्या डबीत घालून नेलं, सोबत दोन पानी अहवाल. माझ्यापुढच्या माणसाने बुटाचं बक्कल आणलं होतं. त्याची मला थोडी दया आली.

मार्लेन नावाच्या बाईंनी भिंगातून नाणं पाहिलं. राजा, काळ, टांकसाळ, सगळं एका दमात सांगितलं. मग नाणं तिरकं धरलं.

"हे कुणी उलगडलं?"

"मी," मी म्हणालो. "सपाटपणा पन्नास मायक्रॉनच्या आत आहे."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. आवाज न चढवता बोलल्या, त्यामुळे ऐकून घेण्यावाचून इलाज नव्हता. म्हणाल्या, सरळ अशी नाणी आमच्या नोंदीत ढिगाने आहेत. दुमडलेली फार थोडी. घरात कुणी फार आजारी पडलं की त्या काळचे लोक एखाद्या संताचं नाव घेत, चांदीचं नाणं आजाऱ्याच्या डोक्यावर धरत आणि दुमडत. इंग्लंडात याचे लेखी पुरावे आहेत. इथेही तसंच असावं, पण खात्रीने सांगता येत नाही.

"दुमडायचं कशाला?" मी विचारलं.

"म्हणजे मग ते खर्चता येत नाही. ते तुमचं राहत नाही, दिलेलं असतं. माणूस बरा झाला की संताच्या देवळात नेऊन ठेवायचं."

"मग हे शेतात कसं राहिलं?"

"नेताना हरवलं असेल," मार्लेनबाई म्हणाल्या. "किंवा न्यायची वेळच आली नसेल."

माझ्या अहवालावर त्यांनी एकच शब्द लिहिला: 'उलगडलेलं'. अहवालाचं दुसरं पान त्यांनी उलटलंही नाही.

बसमध्ये मी मनात उत्तरं जुळवत होतो. नांगराची शक्यता त्यांनी पुरेशी तपासली नव्हती वगैरे. त्या बोलत होत्या डचमध्ये, 'वचन' असा शब्द वापरत होत्या, आणि त्याला आपल्याकडे काय म्हणतात हे माझ्या डोक्यात न्यूनेन येईपर्यंत शिरलं नाही. शिरलं तेव्हा माझा थांबा गेला होता. पुढच्या थांब्यावरून चालत आलो. चालताना सोळा, सतरा, अठरा हे आकडेही आठवले, आणि साखर, आणि उशी.

शोभा कांदा चिरत होती. मी जॅकेटही काढलं नाही.

"तो रुपया उत्तराच्या लग्नाचा नव्हता."

"नाही."

"किती आठवडे?"

"आज एकवीस पूर्ण झाले." कांदा चिरता चिरताच म्हणाली. "पिशवीचं तोंड उघडायला लागलं होतं. फेब्रुवारीत टाका घातलाय. चोवीसपर्यंत टिकलं पाहिजे, त्याच्या आधी इथले डॉक्टर बाळासाठी काही करू शकत नाहीत."

"मला कुणी का नाही सांगितलं?"

तिने सुरी खाली ठेवली. "अहो, मागच्या वेळी ती हॉस्पिटलातून घरी आली आणि पहिलं काय उघडलं, तर तुमची ती एक्सेल. सायकल लाल रंगात. त्यानंतर सहा महिने ती सायकलला हात लावत नव्हती. मला म्हणायची, आई, मीच मारलं का गं त्याला?"

फिल्टरने अडवली नव्हती तर.

मला लाज वाटली. हे वाक्य लिहायला बराच वेळ लागला आणि ते तपासून बघायची माझी इच्छा नाही.

शनिवार, ५ एप्रिल

सकाळी भिंग आणि निळा दिवा घेऊन वाडग्यातले सगळे रुपये तपासले. हळद निळ्या उजेडात चमकते. मी धुतला असला, तरी कडेच्या खाचांत कण राहणारच. नववा रुपया. शंका नाही. इतक्या काळजीने मी कंपनीची चकतीही कधी तपासली नसेल.

शोभाकडे नेऊन दिला. तिने घेतला, कपाळाला लावला आणि देवापाशी ठेवला. मग म्हणाली, "दुसरा बांधलाय मी. पाडव्यालाच."

"मग हा?"

"असू दे दोन."

मी ब्रेडाला येतो म्हटलं. ती म्हणाली, उत्तराला विचारते. बापाने मुलीकडे जायला परवानगी मागायची! हारीकडे मागितली होती, तेव्हा काही वाटलं नव्हतं. तासाभराने उत्तराचा मेसेज: "ये बाबा. पण प्लीज काही दुरुस्त करू नकोस."

रविवार, ६ एप्रिल

ब्रेडा.

उत्तरा पलंगावर पडून. पोट दिसतं आता. मला कळायला एकवीस आठवडे लागले आणि दारातून पाहताक्षणी कळलं. पायांकडची बाजू उंच राहावी म्हणून शोभाने पलंगाच्या दोन पायांखाली जाडजूड पुस्तकं सरकवली आहेत. डावीकडचं पुस्तक उजवीकडच्याहून बारीक आहे. पलंग हलतो. शिवाय असं पडून राहिल्याने काही फायदा होतो, याला पुरावा नाही. इथले डॉक्टरही तसं सांगत नाहीत, हे मी काल वाचलं होतं. बोललो नाही. दोन तास तिथे बसलो, पलंग दर वेळी हलला, आणि मी बोललो नाही.

लोकेशने चहा केला. उत्तरा म्हणाली, "बाबा, तू खूप शांत आहेस. बरं वाटत नाहीये का?"

"ती एक्सेल," मी म्हणालो. "चुकीची होती. टक्केवारीला काही आधार नव्हता."

"माहितीये. मी चेक केली होती."

"सायकलचा काही संबंध नव्हता."

तिने हात पुढे केला, माझा धरला आणि म्हणाली, "हे तू तेव्हा म्हणायला हवं होतंस, बाबा." मला रडू आलं. लोकेश कप घेऊन आत गेला. कप अजून भरलेले होते.

गुरुवार, १७ एप्रिल

दुपारी मीटिंगमध्ये शोभाचा फोन. सकाळपासून रक्त जातंय, ब्रेडाच्या हॉस्पिटलात नेलंय. तसाच निघालो. गाडी चालवताना आठवडे मोजत होतो. बावीस आणि सहा दिवस. चोवीसला आठ दिवस कमी.

डॉक्टर तरुण मुलगी होती. म्हणाली, टाका धरून आहे, बाळाचे ठोके चांगले आहेत. आज काही झालं तर आम्ही बाळाला मदत करू शकणार नाही. पुढच्या शुक्रवारपासून करू शकू. मी विचारलं, आठ दिवस टिकायची शक्यता किती? ती म्हणाली, आकडा देऊन उपयोग नाही. आयुष्यात पहिल्यांदा एका व्यावसायिक माणसाने मला आकडा दिला नाही, आणि मला तो नकोच होता.

शोभा कॉफी आणायला खाली गेली. मी पाकिटातून दोन आणे काढले, एकच नाणं. चांदीचे, १९१४ सालचे. रुपये तपासताना वाडग्यात सापडले, तेव्हापासून पाकिटात होते. कशासाठी ठेवले होते ते तेव्हा लिहिलं नव्हतं. वजन जवळपास हेन्रीच्या नाण्याएवढंच, आणि याच्यावरही इंग्रज राजाच. पक्कड गाडीतल्या डिटेक्टरच्या पिशवीत होती. येताना खिशात घालून आणली होती.

"बाबा, काय करतोयस?" उत्तराने विचारलं. चेहरा पांढराफटक.

मी मार्लेनबाईंचं सांगितलं. आजाऱ्याच्या डोक्यावर धरून दुमडायचं.

"आणि तू हे करणार? तू?"

"प्रयोग म्हणून."

एका पकडीने नाणं धरताही येत नव्हतं आणि वाकवताही. लोकेश पलीकडून उठून आला. त्यांच्या घरी तीन पिढ्यांपूर्वी नवस-सायास सोडले, आणि त्याबद्दल मला त्या घराचं नेहमीच कौतुक वाटत आलं आहे.

"आमच्यात हे करत नाहीत, बाबा," तो म्हणाला. "द्या, पक्कड मी धरतो."

त्याने धरली. उत्तराच्या डोक्यावर, केसांपासून वीतभर उंचीवर, मी दोन्ही अंगठ्यांनी दाब दिला आणि ओठातल्या ओठात बोललो. वाटलं होतं त्यापेक्षा जोर लागला. घडी मध्यावर आली नाही, दीड मिलिमीटर डावीकडे सरकली.

एकच नमुना, तुलनेला दुसरा काही नाही, निष्कर्षात प्रयोगकर्त्याचा स्वार्थ. असा प्रयोग ऑफिसात कुणी माझ्यापुढे आणला असता तर मी परत पाठवला असता.

शुक्रवार, २५ एप्रिल

चोवीस.

सकाळी दहा वाजता तीच डॉक्टर आली, पडद्यावर बघितलं आणि म्हणाली, "आजपासून आम्हीही तुमच्यासोबत मोजतो." लोकेश बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. बराच वेळ आत आला नाही. उत्तराने अजून तीन महिने तरी हॉस्पिटलच्या आसपासच राहायचं आहे. धोका संपलेला नाही, हे सगळ्यांनी मला निक्षून सांगितलं. जणू मीच उतावीळ होतो. होतोच.

दुपारी शोभा आणि मी कॅन्टीनमध्ये बसलो. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघंच समोरासमोर. तिने चहा घेतला, बिनसाखरेचा. तिचा नवस अजून चालू आहे, मूल हातात येईपर्यंत. मला म्हणाली, "उत्तराने सांगितलं मला. नाण्याचं."

मी वाद घालायच्या तयारीत होतो, पण तिला वाद घालायचा नव्हता. तिने हात पुढे केला. मी पाकिटातून दोन आणे काढून दिले. तिने घडीवरून बोट फिरवलं.

"कुणाला बोललात?"

"कुणाला असं नाही. नाव सुचलं नाही."

"बरं, बोललात तरी काय? काहीतरी देऊ म्हणून बोलायचं असतं."

मी इकडे तिकडे पाहिलं. शेजारच्या टेबलावर डचच होते, पण तरीही आवाज खाली आणला. "म्हटलं, दोघं सुखरूप सुटले, तर न विचारता कुणालाही सल्ला देणार नाही. आयुष्यभर."

शोभाने कप खाली ठेवला. आधी तिचे खांदे हलले. मला वाटलं रडतेय. मग ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, शेजारचे लोक वळून बघेपर्यंत. फेब्रुवारीपासून ती हसली नव्हती. पदराने डोळे पुसून नाणं तिने माझ्या हातात परत दिलं.

"अहो," ती म्हणाली, "फेडता येईल असं काहीतरी बोलायचं असतं."